रंभाबाईनं एकोणीस दिवस तोंड आवरलं

रंभाबाईला करायचं काहीच नव्हतं, फक्त तोंड आवरायचं होतं. तेवढं जमलं असतं तर मुलगा कायमचा घरी आला असता. इतका स्वस्त सौदा मुळशी तालुक्यात अलीकडे कुणाच्या वाट्याला आलेला नाही. अडचण एवढीच, की रंभाबाईचं तोंड आवरलेलं माले गावात कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं सत्तावीस वर्षं वाट पाहिली आणि मग तो बिचारा वारला.

मुलगा म्हणजे कैलास. इंजिनिअर झाला, हिंजवडीत लागला, कंपनीनं मँचेस्टरला पाठवला. तिथे एका पबमध्ये दर मंगळवारी कुणीही उठावं आणि पाच मिनिटं माइकवर बोलावं, असा कार्यक्रम असायचा. कैलास एकदा उठला, गावाबद्दल आणि आईबद्दल बोलला, आणि लोक हसले. त्या पाच मिनिटांनी चांगल्या नोकरीचं वाटोळं केलं. राहण्याचे कागद पक्के झाल्यावर त्यानं राजीनामा दिला, आणि गेली सहा वर्षं हाच त्याचा धंदा. एकट्यानं उभं राहायचं, इंग्रजीत बोलायचं, हसवायचं.

भांडवल मात्र माल्याचं. रविवारी दुपारी तो फोन करायचा, आई बोलायची, आणि हा तिकडे वहीत उतरवून घ्यायचा. लोक तिकीट काढून हसायला येतात हे ऐकून ती म्हणाली होती, "का? त्यांच्या घरी कुणी न्हाई का?" तिथे ऊन पडत नाही म्हटल्यावर, "मंग कुरडया कशावर वाळवत्यात?" इंजिनिअरिंगला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले तेव्हाचं "बावीस कुणाला देऊन आलास?" हे तर त्यानं लीड्सपासून ग्लासगोपर्यंत विकलं.

त्याखालोखाल चुलते, भिकूनाना. नानांनी रस्त्याकडेचं भातखाचर विकून मोठी गाडी घेतली होती. कैलास तिकडे सांगायचा, "माझे काका रोज गाडीत बसून शेत बघायला जातात. शेतात आता पुण्याच्या माणसाचा बंगला आहे. काका काच खाली करतात, बंगल्याकडे बघतात आणि म्हणतात, इथं इंद्रायणी लई भारी यायचा." यावर गोरे लोक आधी हसायचे आणि मग जरा गप्प व्हायचे. कैलासला ते गप्प होणं जास्त आवडायचं.

हे सगळं गावाला कळायचं कारण नव्हतं. पण नानांची नात आरोही पौडला कॉलेजात जाते आणि तिला इंग्रजी येतं. तिनं कैलासकाकाच्या कार्यक्रमांच्या व्हिडिओंखाली मराठी ओळी टाकल्या आणि घरच्या ग्रुपवर सोडून दिल्या. दोन दिवसांत गावानं पाहिलं. भांडणं होतील असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच, गाव सुधारलं. आपण तिकडे दिसतोय म्हटल्यावर नाना रोज दाढी करायला लागले आणि बंगल्याकडे पायी जायला लागले.

अशा वेळी मार्चअखेर कैलास चार आठवड्यांसाठी घरी आला. त्याला नवीन वीस मिनिटं हवी होती. ऑगस्टमध्ये तिकडे महिनाभर मोठा उत्सव भरतो, तिथे त्याला पहिल्यांदाच अख्ख्या तासाचा कार्यक्रम मिळाला होता. चाळीस मिनिटं जुनी, झिजलेली, पण चालण्याजोगी. मे संपायच्या आत पूर्ण तास दाखवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत असताना त्यानं हे तिला सांगितलं.

"आन न्हाई झाली वीस मिन्टं तर?"

"मग बास. सहा वर्षं झाली आई, वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांवर नाही जगता येत. हिंजवडीत मित्र बोलावतोय. एक जूनपर्यंत थांबतो म्हणालाय."

"हिंजवडीस्नं रोज घरी येता येतंय?"

"येतं की. ट्रॅफिक नसलं तर तासाभरात."

भाकरी तव्यावर टाकायची राहिली. माल्यात रंभाबाईची भाकरी थांबणं ही बातमी आहे. दुपारी ती भिकूनानांच्या ओट्यावर गेली आणि सगळं बोलून बसली. नानांनी हिशेब लगेच मांडला.

"वयनी, त्येचा माल कुटनं येतो? तुमच्या तोंडातनं. तुमी दुकान बंद करा. पोरगं घरी येतंय का न्हाई बघा."

"आन त्येला कळलं म्हंजी?"

"ग्वाड बोलल्याचा राग येतो व्हय कुणाला?"

नानांचाही फायदा होताच. पुतण्या हिंजवडीत गेला की गाडीची काच पुन्हा मोकळेपणी खाली करता आली असती.

दुसऱ्या दिवसापासून रंभाबाई गोड झाली. कैलास नवीन शर्ट घालून पुढ्यात उभा राहिला.

"आई, कसा दिसतो?"

"छान दिसतोय हो."

त्या 'हो'नं कैलासला घाम फुटला. त्यानं तिचं ब्लडप्रेशर तपासून आणलं. ते ठीक निघालं, त्यामुळे तो जास्तच घाबरला. पोहे करपले म्हणाला, तर ती म्हणाली, "दुसरे करते." दहा वाजेपर्यंत झोपला, तर कुणी काही बोललं नाही. गावात फिरला, तर माणसं पारावरून उठून उभी राहायची, चहाचं विचारायची, हवापाण्याचं बोलायची आणि त्याच्या खिशातल्या वहीकडे बघायची. नाना तर दिसले की नमस्कार करायचे, सख्ख्या पुतण्याला. तीन आठवड्यांत वहीत एकच ओळ पडली. आई बरी नाही.

शेवटी जत्रा कमिटीनं त्याला विचारलं. चैत्रातली जत्रा, दुपारी कुस्त्या. कुस्त्यांच्या आधी अर्धा तास कार्यक्रम करशील का? कैलासनं होकार दिला. गाव हसलं की सैल होईल, सैल झालं की बोलेल, असा त्याचा अंदाज होता.

आखाड्याच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करून स्टेज केलं होतं. मागे फ्लेक्स. त्यावर गॉगल घातलेला कैलास आणि 'लंडनचे सुप्रसिद्ध विनोदवीर'. मँचेस्टर फ्लेक्सवाल्याला लिहायला नको वाटलं असावं. आधी सत्कार झाले. आजी सरपंच, माजी सरपंच, ज्यांना सरपंच व्हायचंय ते, असे मिळून सतरा. प्रत्येकाला शाल आणि नारळ, शेवटी कैलासलाही. पैलवान अंगाला माती लावून उन्हात उभे. पन्नास मिनिटांनी कैलासच्या हातात माइक आला.

त्यानं पहिला विनोद सांगितला. गावानं टाळ्या वाजवल्या.

दुसरा सांगितला. पुन्हा टाळ्या. शिस्तीत, जिल्हा परिषदेच्या सदस्याला देतात तेवढ्या. हसलं कुणीच नाही. आत्ताच शाल घातलेल्या माणसाला हसायचं कसं, हा एक प्रश्न. शिवाय जो आधी हसेल त्याचं नाव वहीत जाईल, ही धास्ती. नऊ मिनिटं असं चाललं. विनोद, टाळ्या, विनोद, टाळ्या. हसवणाऱ्या माणसाला शिव्या परवडतात, अंडी परवडतात, टाळ्या परवडत नाहीत. कैलासचा आवाज बारीक झाला. तो तळवे पँटला पुसायला लागला.

रंभाबाई चिंचेखाली बायकांत बसली होती. सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. एकोणीस दिवस निघाले होते, आता फक्त हा खाली उतरायचा, सोमवारी मित्राला फोन जायचा. तळवे पुसणं मात्र तिच्या ओळखीचं होतं. चौथीत वक्तृत्व स्पर्धेत भाषण विसरला तेव्हाही तो असाच चड्डीला हात पुसत उभा होता.

"तर... धन्यवाद," कैलास म्हणाला आणि ट्रॉलीची फळी उतरायला वळला.

"ए कैलाश्या!"

आखाडा वळला. रंभाबाई उभी होती.

"कुटं निघाला खाली? तितं बी असाच मधीच उतरतूस व्हय?"

"आई, बस ना."

"बसलीयाच की तासभर! ह्यांनी शाली घेतल्या, नारळ घेतलं, ह्यांचं भागलं. माझ्या म्हशी तान्हेल्या ऱ्हायल्यात घरी. टाळ्या ऐकाया आले व्हय मी?"

एक पैलवान फिसकन हसला. सकाळपासून आखाड्यात झालेलं ते पहिलं हसू.

"मग काय सांगू?" कैलास माइकमध्येच म्हणाला.

"माझं सांगून सांगून सा वर्सं खाल्लंस. आता तुजं सांग. भाकरी थापाया गेलतास ते सांग की!"

"आई, ते नको."

"न्हाई सांगत? मी सांगते. ह्या बाबानं तवा इतका तापवला, इतका तापवला..."

"बरं, मी सांगतो!"

आणि त्यानं सांगितलं. मँचेस्टरमधली रविवारची दुपार, भाकरीची आठवण आली, पीठ मिळालं, भाकरी तव्यावर पडली आणि छताला लावलेली धुराची घंटा ओरडायला लागली. इमारतीतली चाळीस माणसं रस्त्यावर, त्यातलं एक टॉवेलवर. आगीचा बंब आला. डोक्यावर टोप घातलेला सहा फुटी माणूस दार उघडून आत आला आणि म्हणाला, आत कोण अडकलंय? "मी म्हटलं, भाकरी."

"आन उलटली का न्हाई?" रंभाबाईनं विचारलं.

"त्यानं उलटली. हातमोजे होते त्याच्याकडे."

आता गाव फुटलं. शाल घातलेले सतराजण हसले, पैलवान मातीत बसले. भिकूनाना खुर्चीवरून उठले, तीन आठवडे दाबलेलं सगळं घेऊनच उठले.

"आन माझ्या गाडीवर बोलतूस? सायकल शिकाया आठवीपत्तुर मी मागनं पळायचो! हात सोडला का हा ब्वंबलायचा, नाना, मी चाललो!"

"नाना, तुम्ही सांगून सोडायचा नाहीत!"

"सांगून सोडल्यावं तू बसला असतास व्हय?"

मग जो तो उठायला लागला. कुणी शाळेतलं काढलं, कुणी विहिरीत उडी मारायला घाबरल्याचं. सगळं गाव एकाच माणसाला धुऊन काढत होतं आणि तो ट्रॉलीवर उभा राहून एकेकाला जागच्या जागी परतफेड करत होता. पौडहून आलेले पंच घड्याळ बघायचे सोडून हसत होते. आरोहीनं फोनवर सगळं घेतलं. नंतर मोजलं तर बावीस मिनिटं भरली.

कैलासला एवढंच हवं होतं. सहा वर्षं तो गावाबद्दल सांगत होता. आता गाव त्याच्याबद्दल काय म्हणतं ते सांगायचं. त्याच आठवड्यात त्यानं आरोहीला समोर बसवून इंग्रजीत जुळवलं, पूर्ण तासाचं रेकॉर्डिंग केलं आणि पाठवून दिलं. पाचव्या दिवशी तिकडून होकार आला.

जाताना गाडी नानांनीच काढली. कैलास बॅगा ठेवायला मागे गेला तेवढ्यात नाना हळूच म्हणाले, "वयनी, अजून अर्धं मिनिट दम काढला असता तर? उतरलाच हुता की त्यो."

"व्हय," रंभाबाई म्हणाली. "पर एकटं हुतं ना पोरगं तितं वर."

"आन आता?"

"आता काय. तिकडं बी वरच उभं ऱ्हानार, घरी कशाला येतंय."

कैलास आला. म्हणाला, "आई, इतके दिवस गोड का बोलत होतीस ते आता तरी सांग."

"घसा बसला हुता. बस गाडीत. इमान काय तुज्यासाठी एसटीवानी थांबनार हाय व्हय?"

त्यानं खिशातून वही काढली आणि तिथेच लिहून घेतलं. तिनं पाहिलं आणि गाडीचं दार उघडून धरलं.

कैलासला त्याचा तास मिळाला. नानांच्या गाडीचा विनोद त्यानं बाजूला ठेवला, म्हणून नानांची काच पुन्हा खाली. आरोहीचं नाव कार्यक्रमाच्या पत्रकावर आलं. गावाला वर्षभर पुरेल एवढं बोलायला मिळालं. हिंजवडीच्या मित्रालाही शेजारच्या जांबे गावात राहणारा एक पोरगा मिळाला, कामाला चांगला आहे म्हणतात. या सगळ्यात गमावलं एकट्या रंभाबाईनं, आणि तेही जत्रेत, भर दुपारी, उभं राहून, ओरडून.