घेणाऱ्याचं घर

तिनं वॉकर बाथरूमच्या दारात सरळ ढकलला. तो चौकटीला आपटून थांबला.

"बघ," ती म्हणाली.

भाऊ बघत नव्हता. तो मोबाइलवर घराचा नकाशा मोठा करून एजंटाला दाखवत होता.

"दादा, वॉकर पंचवीस इंच आहे. दार चोवीस."

"माहीत आहे गं. अप्पा आडवे जातात ना."

आडवे जातात हे खरं होतं. वर्षभर वडील वॉकर कडेला वळवून खेकड्यासारखे आत सरकत. बोटांच्या पेरांवर खपल्या होत्या. एक सुकेपर्यंत दुसरी सोलवटून निघे. कधीकधी इतकं सगळं करेपर्यंत उशीर होई. मग वहिनी बादली आणि फडकं घेऊन येई आणि फरशी पुसून काढी.

दारापाशच्या फरशा मिस्त्रीनं कालच उखडल्या होत्या. खालचा वीस वर्षांचा थर उघडा पडला होता, काळपट, बुळबुळीत, त्यात केसांचे गुंते. ती, घरातली धाकटी, पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. असल्या वासाचं तिला काही वाटत नसे. तिला शिसारी येत होती ती एजंटाची. तो स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्यानं दात कोरत होता. कोरून झाल्यावर त्यानं कार्ड पँटला पुसलं आणि मिस्त्रीला दिलं.

"ठेवा. कुणी घर काढणारं असलं तर सांगा."

मिस्त्रीनं ते दोन बोटांत धरून खिडकीत ठेवलं.

दाराच्या एका बाजूला पिलर होता. त्याला हात लावता येत नव्हता. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या बेडरूमची भिंत. दार तीस इंच करायचं तर ती भिंत सहा इंच आत न्यायला हवी होती. भांडण होतं ते या सहा इंचांचं.

"हे बघा मॅडम," एजंट म्हणाला, "ही खोली दहा फूट बाय दहा फूट दोन इंच. म्हणजे एकशे एक चौरस फूट आणि वर थोडं. शंभरच्या खाली गेली की मी जाहिरातीत तिला बेडरूम लिहीत नाही, स्टोअर लिहितो. मग हे घर दोन बेडरूमचं झालं. घेणारा जिना चढायच्या आधीच परत फिरतो."

"कोण घेणारा?"

"जो येईल तो."

"आलाय का कुणी?"

"पाच वर्षांनी विकायचंय," भाऊ म्हणाला. "आत्ताच एवढी तोडफोड करतोय तर नंतरचा विचार नको करायला?"

"पाचच का? चार नाही, सात नाही, पाच कुठून काढलीस?"

भावानं मोबाइल खिशात ठेवला.

"डॉक्टरांना विचारून काढली असतील," बाथरूमसमोरच्या बोळात स्टुलावर बसलेले अप्पा म्हणाले. हसले ते एकटेच. जन्मभर त्यांनी कपडे शिवले होते. सुईत दोरा ओवायला आता हात स्थिर राहत नव्हता, जीभ मात्र तशीच होती. "बांधणाऱ्यानं शिवणीत जागाच सोडली नाही, धाकटे. आता उसवून काय मिळणार?"

तिनं टेप काढला. भिंतीचा अख्खा पट्टा हलवायची गरज नव्हती. दारापुरती तीन फूट लांबीची भिंत सहा इंच आत घेतली की झालं. गेलं किती? दीड चौरस फूट. तिनं पेन्सिलीनं ते भिंतीवरच मांडलं.

"शंभराच्या वर राहते," ती म्हणाली. "जेमतेम, पण वर. मिस्त्री, होईल का?"

"होईल की. कोपरा तेवढा आत येईल. दोन दिवसांचं काम."

ती भावाकडे बघत राहिली. भाऊ एजंटाकडे.

एजंटानं मान डावीकडून उजवीकडे सावकाश हलवली. "हिशेब बरोबर आहे मॅडमचा. पण फोटोत कोपरा दिसतो ना. घेणारा विचारणार, हे असं का? मग सांगावं लागणार. आणि घरात आजारी माणूस होतं हे एकदा त्याच्या डोक्यात गेलं की भाव बसलाच. म्हणून तर साहेबांना म्हटलं, धरायचे दांडेसुद्धा नको. काढले तरी भोकं राहतात."

हे त्यानं अप्पांपासून चार हातांवर, आवाज न उतरवता सांगितलं. होतं असं भूतकाळात म्हणाला आणि अप्पांच्या स्टुलाला वळसा घालून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

तिला थुंकावंसं वाटलं, पण जिथं थुंकायचं ती जागाही उखडलेली होती.

"दादा, तू हे ऐकून घेतोस?"

"मग काय करू? मारू त्याला? खरं तेच सांगतोय."

"या घरात राहतं कोण? तो घेणारा की अप्पा? त्याला फोटो आवडावा म्हणून यांनी बोटं सोलायची?"

"सोलायला नको म्हणून तर खुर्ची आणतोय," भाऊ म्हणाला. "खाली भांडं असलेली. त्यांच्या खोलीतच ठेवायची. दाराचा प्रश्नच मिटला. खोलीही शाबूत, दारही शाबूत."

"ज्या खोलीत झोपतात, जेवतात, तिथंच?"

"झाकण असतं तिला."

"झाकण," ती म्हणाली. "तू जेवशील का रे, त्या झाकणाशेजारी बसून?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. केसांवर सिमेंटची भुकटी, हातात एजंटाचा उष्टा पेला.

"भांडं मी काढणार आहे," ती म्हणाली. "रोज. तुझ्या दादानं विचारलंही नाही मला, पण मीच काढणार. आजही मीच पुसते. तू रविवारी येतेस, टेप लावतेस, आम्ही किती वाईट ते भिंतीवर लिहितेस आणि साडेपाचच्या बसनं जातेस. मोजायला सगळे येतात गं."

"वहिनी, मी तुला काही म्हटलं का?"

"मला नको म्हणूस. एवढी किळस येत असेल आमची तर ने ना त्यांना तुझ्याकडे."

आतल्या खोलीत सोललेल्या भिंतीवरून वाळू गळत होती, तेवढाच आवाज.

मिस्त्रीनं छिन्नी खाली ठेवली. त्याला भांडणात पडायचं नव्हतं, त्याला काम पुढं न्यायचं होतं. "तसं बघितलं तर बरंच होईल, ताई. दोन महिने ही धूळ असणारच. म्हाताऱ्या माणसाच्या छातीला बरी नाही. दोन महिने न्या, मानवलं तर राहू द्या. आणि ते तिकडं राहणार असतील तर इथलं दार आहे तसं राहील, माझंही सोपं. तुमच्याकडं बाथरूमचं दार केवढं आहे?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. पाणी पिऊन आलेला एजंटसुद्धा.

तिच्या घरच्या बाथरूमचं दार बत्तीस इंचांचं होतं. गेल्या वर्षी दवाखान्यातून सोडल्यावर अप्पा चार दिवस तिच्याकडे होते. वॉकर सरळ आत जाई, दोन्ही बाजूंना हात फिरायला जागा राही. पाचव्या दिवशी तिनं भावाला फोन करून सांगितलं होतं, की प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलंय, आता सुटी मिळणार नाही. तिची खोली, तिची पुस्तकं, संध्याकाळी कुणाशीही न बोलता पिता येणारा चहा, हे सगळं त्या संध्याकाळी भाऊ अप्पांना घेऊन गेल्यावर पुन्हा जागच्या जागी आलं होतं. रात्री चादर धुताना तिनं नाकाला रुमाल बांधला होता.

"चोवीस," ती म्हणाली.

बोलल्याबरोबर तिला कळलं, की आकडा किती सहज आला. तिनं अप्पांकडे बघायचं टाळलं.

"तुझ्याकडेही?" भाऊ म्हणाला. "नवीन इमारत ना तुमची?"

तिनं टेप खाली ठेवला.

"नवीन कसली," अप्पा म्हणाले. "तिथं याहून पंचाईत. मी चार दिवस राहिलोय ना, मला माहीत आहे. आडवं जाऊनही अडकायला व्हायचं."

भावानं खांदे उडवले. वहिनी तिच्याकडे क्षणभर बघत राहिली, मग पेला विसळायला आत गेली. एजंटानं घड्याळ बघितलं.

धाकटी खाली वाकून टेप गुंडाळू लागली. गुंडाळून झाला तरी ती वाकलेलीच होती.

अप्पांनी वॉकर दारातून ओढून जवळ घेतला, त्याच्यावर भार दिला आणि उभे राहायला लागला तेवढा वेळ घेतला. मग ते मिस्त्रीला म्हणाले,

"ती खुर्ची आली की पलंगाच्या उजव्या अंगाला ठेव बाबा. डाव्या हाताला जोर नाही माझ्या."