पडद्याआडची घंटा

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत, आणि त्याला त्याचा कोण अभिमान! मनाचं शास्त्र तेव्हा नुकतं कुठे रांगायला लागलं होतं. प्राध्यापकांनी विद्यापीठाकडे खेटे घालून माळ्यावरची अडगळीची खोली मिळवली होती. तिथं एक खुर्ची, एक काळा पडदा आणि सेकंदाचे हजार तुकडे मोजणारं घड्याळ. पडद्याआड घंटा वाजायची आणि खुर्चीतल्या माणसानं आपल्या मनात काय झालं ते सांगायचं. नियम एकच, पण जीवघेणा: वस्तूचं नाव घ्यायचं नाही. ‘घंटा वाजली’ म्हणालात की निरीक्षण बाद. घंटा बाहेर असते. मनात असतो नाद, छातीतला ताण, मग सैलपणा. बाकीचे दिवसातून चारदा घसरायचे. काटेकोर आठ हजार निरीक्षणांत एकदाही घसरला नव्हता.

घरी मात्र या विद्वत्तेनं वैताग आणला होता. “भाजीत मीठ कमी आहे का रे?” असं आईनं विचारलं, की हा डोळे मिटून सांगायचा, “जिभेच्या टोकाला सौम्य खारटपणा, दोन सेकंद.”

“म्हणजे घालू की नको?” आई डाव आपटून विचारायची.

पडद्याआड बसायची ती घड्याळजीची मुलगी. बापाच्या हाताखाली तयार झालेली. प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं तिच्याच हातची. वर्षभर ती आणि काटेकोर दुपारी जिन्यावर बसून एकत्र जेवत होते. शनिवारी तिचं गाव सोडायचं जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा गुरुवारी तिनं त्याच जिन्यावर विषय काढला.

“मामाच्या दुकानात मला काम आहे. दुसऱ्या गावाला राहावं लागेल. तुला माझ्याबद्दल काय वाटतं ते एकदा सांग, म्हणजे जायचं की नाही ते मला ठरवता येईल.”

सरळ प्रश्न होता. कुणाही धड माणसानं सरळ उत्तर दिलं असतं. यानं डोळे मिटले.

“थांब हं. छातीत डावीकडे ऊब, मध्यम. श्वास जरा जलद. आता कमी होतंय. गेलं.”

खोटं बोलत नव्हता बिचारा. भावनेकडे टक लावून पाहिलं की ती लाजून पळते, हे त्या शास्त्राचं जुनंच दुखणं. त्यावर प्राध्यापक लोक एकमेकांच्या उरावर बसत. पण मुलीला त्याच्याशी काय देणंघेणं? तिनं खरकटा चमचा पुसला.

“गेलं ना? मग मीही जाते,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी तिची पेटी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी होती. गाडीला दोन तास होते. शेवटची दहा निरीक्षणं उरकून ती निघणार होती. काटेकोर खुर्चीत बसला. दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. प्राध्यापकांनी लेखणी बुडवली आणि खूण केली. पडद्याआड ठण्ण झालं.

“सांगा,” प्राध्यापक म्हणाले.

काटेकोर म्हणाला, “घंटा वाजली.”

प्राध्यापकांनी चमकून वर पाहिलं. आठ हजारांत पहिल्यांदा!

“घंटा तिनं वाजवली,” तो पुढे म्हणाला, “आणि ती आज चाललीये. मला ती जायला नकोय, सर. मी आत डोकावून डोकावून थकलो. मला तिथं ऊब नको, श्वास नको. मला ती इथं हवीये.”

“बाद,” प्राध्यापक पुटपुटले आणि सवयीनं ओळीवर काट मारायला निघाले.

“खोडू नका, सर,” पडद्याआडून तिचा आवाज आला.

पडदा सरकला. घंटेची हातोडी हातात तशीच धरून ती उभी होती, आणि काटेकोरकडे पाहत होती.

“पुढची नऊ दुसऱ्या कुणालातरी वाजवायला सांगा,” ती म्हणाली. “माझा हात थरथरतोय.”

“थरथर किती सेकंद?” प्राध्यापकांनी लेखणी उचलून विचारलं; पण त्यांना उत्तर द्यायला कुणाला सवडच नव्हती.