कालोरे नदीकाठचे सोयरे

बेनेव्हेंतो आणि सालेर्नोच्या राजांचं हाडवैर, पण त्यांच्या फौजा कालोरे नदीच्या दोन काठांवर नुसत्या बसून होत्या. बसून माणसं काय करणार? छावण्यांत पोरं जन्मली. बाप्तिस्म्याला पोर ज्याच्या हाती द्यायचं तो बापाचा सोयरा, आणि सोयऱ्यावर शस्त्र चालवणारा थेट नरकात. म्हणून शहाण्या बापांनी सोयरे शोधले ते पलीकडच्या काठावर.

बेनेव्हेंतोचा सेनापती लांदेमारो याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि असल्या खडूस माणसाला बोलावतो कोण? आज लढाई झाली नाही तर मान उडवीन, असा राजाचा निरोप आला, तेव्हा त्याने फौज नदीपार नेली आणि तुतारी फुंकायला लावली. कोणी जागचं हललं नाही.

"मारा की रे," लांदेमारो म्हणाला.

"कुणाला मारू, सरदार?" एका भालाईताने विचारलं. "तो उंच दिसतोय तो माझा सोयरा, थोरलीकडून. शेजारचा धाकटीकडून."

"मग पलीकडच्याला मार."

"तो ह्याचा आहे," भालाईताने शेजारच्या शिपायाला पुढे ओढलं.

लांदेमारो शिव्या घालत रांगभर फिरला. तोवर ढाली उपड्या घालून त्यांवर भाकरी आणि मेंढीचं चीज मांडून झालं होतं. शेवटी त्याने शत्रूलाच विचारलं, कुणाचाच सोयरा नाही असा एक तरी माणूस आहे का तुमच्यात?

सगळ्यांनी एकाच दिशेला बोट केलं. तिथे त्यांचा सेनापती उर्सो खाली मान घालून उभा होता.

दोघे समोरासमोर आले. फौजा खाता खाता बघत राहिल्या.

"तुझीही मान जाणार?" लांदेमारोने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत." उर्सोने तलवार उपसली, पण उगारली नाही. "तुला पोर असतं, तर मला बोलावलं असतंस?"

लांदेमारोला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"तुलाच. कोकरू कापलं असतं."

"मग ठीक आहे," उर्सो म्हणाला, आणि लढाई झाली.

लांदेमारोची मान वाचली. उर्सोचं प्रेत उचलायला कोणी उठलं नाही, तेव्हा त्यानेच खड्डा खणला.

"मयताचा तू कोण?" पाद्र्याने विचारलं.

"सोयरा."

"अरे, मग तुला नरक चुकत नाही."

"चालेल," लांदेमारो म्हणाला, आणि माती लोटू लागला.