फुसका बार

डेल्मर साइझमोरला गप्प बस म्हणणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणणं. आयुष्यभर शाळेची बस चालवली, ती तोंड चालवत चालवत. पुढे बसची नोकरी सुटली, बायको देवाघरी गेली, तोंड तेवढं शिल्लक राहिलं. आणि ठासणीच्या बंदुकीला नेमकं तेच चालत नाही बघा! आधी नळीत दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, मग ती गजाने तळापर्यंत ठासायची. बोलण्याच्या नादात दारू ओतायची राहिली, तर चाप ओढल्यावर बंदुकीच्या कानापाशी, म्हणजे ठिणगी पडते त्या भोकापाशी, चिमूटभर फुस्स होतं आणि गोळी आत आरामात बसून राहते. टेनेसीच्या त्या डोंगरात माणसाची याहून मोठी फजिती नाही. चोरी केलेली लोक विसरतात, फुसका बार विसरत नाहीत.

दर ऑक्टोबरात हॉबर्ट क्रिस्पच्या कुरणात ही जुन्या बंदुकांची नेमबाजी भरते. बक्षीस म्हणून एक गोऱ्हा कापतात आणि पहिल्या नंबराला मागची अख्खी तंगडी मिळते. त्या दिवशी डेल्मर तोंडाला कुलूप लावून आला होता, कारण त्याला दिवसभरात एकच वाक्य बोलायचं होतं. शेजारची आर्व्हेला लेडफर्ड, शाळेत त्याच्याच वर्गातली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, येत्या मंगळवारी दूर क्लीव्हलंडला मुलाकडे निघणार होती. कायमची. घरापुढे विक्रीची पाटीसुद्धा लागली होती. "जाऊ नकोस, माझ्याशी लग्न कर." एवढंच तर म्हणायचं! आरशापुढे म्हणून झालं, कुत्र्यापुढेही म्हणून झालं. कुत्र्याने शेपूट हलवली होती.

दारू भरायच्या टेबलाशी दोघं शेजारी उभी होती. त्या टेबलापाशी दोन गोष्टींना बंदी: विडी-सिगारेट आणि बंदुकीचे कायदे. एका साली हॉबर्टचे दोन चुलतभाऊ तिथेच उभे राहून सरकारने कुणाला बंदूक द्यावी आणि कुणाला देऊ नये यावर हातघाईवर आले, आणि दोघांचेही बार फुसके गेले. तेव्हापासून भांडायचं असेल तर जेवणाच्या मंडपात भांडायचं, असा नियम झाला.

"तुझ्या बंदुकीचं काय करणार गं?" डेल्मरने विचारलं. कुलूप गेलं! हातात गज धरलेला, तरी विचारलंच.

आर्व्हेला तिची बंदूक पुसत होती. तिच्या बापाची, अक्रोडाच्या दस्त्याची. "सूनबाईला घरात बंदूक नको. दोन लहान पोरं आहेत, तिचं बरोबरच आहे. तिचं घर, तिचा नियम. पण विकवत नाही रे." तिने दस्त्यावरून हात फिरवला. "तुझ्याकडे ठेवशील?"

बापाची बंदूक कुणी असंतसं कुणाच्या स्वाधीन करतं का? डेल्मरने मान डोलावली, गोळी ठासली, जाऊन ओंडक्यामागे आडवा झाला, नळी ओंडक्यावर टेकवली आणि चाप ओढला.

फुस्स.

"आला रे आला!" हॉबर्ट ओरडला. स्पर्धेचा पंच तोच. "डेल्मरचा वार्षिक फुसका बार! घंटा आणा!"

ही घंटा हॉबर्टच्या आजोबांच्या गायीची, नारळाएवढी. फुसका बार उडवणाऱ्याने ती गळ्यात घालायची, आणि दुसरा कुणी तीच चूक करेपर्यंत काढायची नाही, असा तिथला रिवाज. झालं! त्यानंतर डेल्मर जिथे जाईल तिथे ठणठण. राजम्यासारख्या घेवड्याची वाटी घ्यायला वाकला, ठणठण. चर्चमधल्या बायकांनी सफरचंदाच्या करंज्या तळल्या होत्या, तिकडे वळला, ठणठण. आर्व्हेलाकडे निघाला की सगळा मंडप माना वळवून बघायचा.

"अरे, चरायला सोडलाय का याला?"

"गाय हरवली वाटतं लेडफर्डबाईंची!"

आता अशा माणसाने लग्नाचं काय बोलावं, सांगा! तीनदा जवळ गेला आणि तीनदा करंजी घेऊन परतला. पोट भरलं, जीव मात्र तळमळत राहिला. मंगळवार आता दारातच उभा होता.

दुपार कलली. इथे केंद्रापासून प्रत्येक गोळीचं अंतर दोऱ्याने मोजतात, सगळी अंतरं एकाच दोऱ्यावर जोडत जातात आणि ज्याचा दोरा आखूड तो जिंकतो; एक जरी बार फुसका गेला तरी माणूस बाद. आर्व्हेलाचा दोरा सगळ्यांत आखूड होता आणि तिचा शेवटचा बार राहिला होता. तंगडी तिचीच, असं जो तो म्हणत होता. ती टेबलाशी एकटी उभी राहून बंदूक भरू लागली, आणि डेल्मरला कळून चुकलं की यानंतर ती बंदूक गुंडाळणार, गाडीत बसणार आणि जाणार. तो सरळ चालत सुटला. ठणठण, ठणठण.

"डेल्मर, मी बंदूक भरतेय," ती मान वर न करता म्हणाली.

"दिसतंय मला. मी तुझी बंदूक ठेवून घेणार नाही."

आता तिने वर पाहिलं. "सकाळी तर मान डोलावलीस?"

"सकाळी मी गाढव होतो. बंदूक घेईन तर तुझ्यासकट घेईन. जाऊ नकोस, आर्व्हेला. माझ्याशी लग्न कर."

घाबरल्यामुळे छाती धडधडत होती आणि घंटा आपोआप वाजत होती.

"ए डेल्मर! बंदूक भरणाऱ्याशी बोलायचं नाही!" हॉबर्ट धावत आला. "हो बाजूला!"

"बाजूला हो," आर्व्हेलाही म्हणाली. चेहऱ्यावर काहीच नाही. डेल्मर घंटा मुठीत धरून, मान खाली घालून कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. गेलं सगळं, आणि तेही आपल्याच तोंडामुळे, असं त्याला वाटलं.

आर्व्हेला ओंडक्यामागे आडवी झाली. तिचा नेम बघायला मंडप रिकामा झाला. तिने श्वास सोडला आणि चाप ओढला.

फुस्स.

कुणी हसलं नाही. हसणार कसं? आर्व्हेलाचा बार कधी फुसका गेलाच नव्हता. बार उशिरा उडायची भीती असते, म्हणून नळी समोर धरून थांबायचं असतं, तशी ती थांबली. काही उडालं नाही. मग ती शांतपणे उठली.

"हा बार धरायचा नाही!" हॉबर्टचा चेहरा लाल झाला. "या बडबड्याने तुला त्रास दिला. परत भर."

"मला कुणी त्रास दिला नाही. दारू मीच विसरले. बार धर."

"अगं, तंगडी जाईल!"

"जाऊ दे."

ती कुंपणाकडे आली. डेल्मरपुढे उभी राहिली आणि तिने मान वाकवली. तिला काय हवंय ते कळायला त्याला जरा वेळ लागला. मग त्याने घंटा स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातली.

"मग... उत्तर?" त्याने हळूच विचारलं.

"बाबांनी हातात बंदूक दिली तेव्हा मी दहा वर्षांची होते," आर्व्हेला म्हणाली. "आजवर एकदाही दारू विसरले नाही. पहिल्या नवऱ्याने मागणी घातली त्या दिवशीसुद्धा नाही. आता काय लिहून देऊ तुला?"

जमलेल्या लोकांतून अशी आरोळी उठली की हॉबर्टचे घोडे बिथरले. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. मुलगा होता.

"आई, ट्रक सकाळी पाठवू की दुपारी? आणि ही घंटा कसली वाजतेय?"

"माझ्या गळ्यात बांधलीय," ती म्हणाली. "ट्रक नको पाठवूस, बाळा. का, ते डेल्मरकाका सांगतील."

तिने फोन पुढे केला. डेल्मरने तो कानाला लावला, घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून एक शब्द फुटेना.