हॅलोकाकांची लेक

“इकडे बसा, बाई. दुसऱ्या रांगेत पंखा चांगला लागतो,” हॅलोकाका आपल्या मेव्हणीला म्हणाले आणि परक्या पाहुण्याला दाखवावी तशी त्यांनी तिला खुर्ची दाखवली.

मेव्हणीने डोळे वटारले. “भावोजी, पुरे झालं नाटक. इथे कोण ऐकतंय आपल्याला?”

“माईक चालू आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “सगळेच ऐकतात.”

त्यांची लेक मावशीच्या शेजारी उभी होती. नव्या चपलेचा पट्टा तिला टोचत होता, म्हणून ती एका पायावर भार देऊन उभी होती. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. तसंच ठरलं होतं.

विद्यापीठाच्या हजेरीपटावर हॅलोकाकांचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच बाहेर यायचं. एरवी कुलगुरूंपासून नव्या पोरांपर्यंत सगळे त्यांना हॅलोकाकाच म्हणत, कारण कोणताही समारंभ त्यांच्या ‘हॅलो, हॅलो’शिवाय सुरू होत नसे. भाषण कितीही रटाळ असो, ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचवायचं, हे त्यांचं काम. ऐकणाऱ्यांनी झोपायचं की जागं राहायचं, हे ज्याचं त्याने बघावं.

आज ऑनर्सच्या वर्गासाठी निवडलेल्या नव्या मुलामुलींच्या घरच्यांचं स्वागत होतं. दरवर्षी होत असे. यंदा निवडलेल्यांच्या यादीत त्यांची लेक होती.

निकाल लागला त्या दिवशी हॅलोकाका घराच्या ओट्यावर कितीतरी वेळ नुसतेच बसून राहिले होते. मग मागच्या आठवड्यात, जेवताना, त्यांनी विषय काढला होता.

“ओळख करून देताना ‘मावशी आली आहे’ एवढंच सांगायचं. माझं नाव काढायचं नाही.”

“का पण?”

“मी सांगतोय म्हणून.”

“तुम्ही तिथेच असणार ना, बाबा?”

“मी कामावर असणार. आलेल्या माणसाची ओळख करून देतात, कामावरच्या नाही.”

“आणि नंतर? हॉस्टेलवरून येताजाता समोर दिसलात तर?”

“तर काय... काका म्हणायचं. सगळेच म्हणतात.”

पोरीचा हात ताटातच थांबला. ती ताटावरून उठली नाही, पण पुढे जेवलीही नाही.

हॅलोकाका काही उगाच बोलले नव्हते. काही वर्षांपूर्वी ग्रंथालयातल्या शिपायाचा मुलगा याच वर्गात आला होता. याच मंचावर छाती पुढे काढून तो म्हणाला होता, “माझे वडील इथेच ग्रंथालयात आहेत!” त्या दिवशी सगळ्यांत जास्त टाळ्या त्याला पडल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली. आतला माणूस आहे, वशिला लागला असेल, नाहीतर शिपायाच्या पोराला कोण घेतंय. हॅलोकाकांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. माईक बंद झाला की माईकवाल्याचे कानही बंद होतात असं लोकांना वाटतं. तो मुलगा दुसऱ्या वर्षी सोडून गेला. त्याचा बाप अजून ग्रंथालयातच असतो. मुलाचा विषय निघाला की पुस्तकं लावायला उठतो.

कार्यक्रम सुरू झाला. ऑनर्सच्या मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचं भाषण हॅलोकाकांना तोंडपाठ होतं. छोटा वर्ग, प्रत्येकाला मार्गदर्शक म्हणून एक प्राध्यापक, पहिल्या वर्षापासून स्वतःचा प्रकल्प.

मधेच एक जाडजूड गृहस्थ उठून म्हणाले, “मॅडम, एक शंका. हे करून पोरगं शेवटी होतं कोण? पाहुण्यांना काय सांगायचं?”

सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या. “सांगा की, प्रश्न विचारायला शिकतंय.”

“ते घरात आधीच फार विचारतं,” गृहस्थ म्हणाले आणि बसले.

मग मॅडमनी नेहमीचंच सांगितलं. पहिलं वर्ष सगळ्यांनी एकाच हॉस्टेलमध्ये राहायचं. घर जवळ असलं तरी. घरच्यांनी सुरुवातीचे काही आठवडे भेटायला न येता मुलांना सवय होऊ द्यावी. “आजपासून ती थोडी आमची,” त्या म्हणाल्या.

हे वाक्य हॅलोकाकांनी इतक्या वेळा स्पीकरमधून बाहेर पाठवलं होतं. आज ते पहिल्यांदा त्यांच्या आत गेलं. हॉस्टेलची खिडकी माईक-स्पीकर ठेवायच्या त्यांच्या खोलीतून दिसायची. पोर डोळ्यांसमोर राहणार होती आणि त्यांनी तिला स्वतःच्या तोंडाने परकं करून ठेवलं होतं. त्यांनी हेडफोन नीट बसवला आणि कामाकडे पाहिलं.

ओळखी सुरू झाल्या. एकेका मुलाने मंचावर यायचं, आपलं नाव आणि विषय सांगायचा, सोबत कोण आलंय ते सांगायचं, आणि त्या माणसांनी जागेवर उभं राहायचं, अशी इथली पद्धत होती. टाळ्या सुरू झाल्या की हॅलोकाका मिक्सरवरचं आवाजाचं बटण खाली ओढून माईक बंद करत. एका वर्षी ते विसरले होते, तेव्हा मंचावरून उतरता उतरता एक पोरगा शेजारच्याला “मॅडम किती पकवतात रे” म्हणाला होता आणि ते पार फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत ऐकू गेलं होतं. तेव्हापासून हात आपोआप चालायचा. टाळी पडली की बटण खाली.

एक मुलगी रडवेली होऊन आजोबांचं नाव विसरली. एकाच्या मागे अख्खी तीन रांगांची वरात उभी राहिली. मग लेक पायऱ्या चढली.

आधीचा मुलगा उंच होता. तिने स्टँड खाली करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग पुन्हा केला आणि जमलं. हॅलोकाकांनी तिचं बटण इतरांपेक्षा बरंच वर सरकवलं. तिचा आवाज मुळातच बारीक. आईवर गेली होती. आई तिला लाडाने पुटपुटी म्हणायची, आणि स्वतः तरी काय मोठी ठणठणीत बोलणारी होती! शेवटच्या आजारात हॅलोकाकांना तिच्या ओठांपाशी कान न्यावा लागे. “जगाचा आवाज वाढवता,” ती तशातही चिडवायची, “माझा वाढवा की थोडा.” तो त्यांना वाढवता आला नाही. ती गेली तेव्हा काहीतरी म्हणाली होती, तेही त्यांना कळलं नव्हतं.

“माझा विषय भौतिकशास्त्र,” लेक म्हणाली. आवाज हॉलभर स्वच्छ पसरला. हॅलोकाकांचे डोळे भरून आले. “माझ्यासोबत माझी मावशी आली आहे.”

मावशी उभी राहिली. टाळ्या पडल्या. हात चालला, बटण खाली आलं.

आणि मग त्यांना दिसलं की पोर अजून माईकसमोरच उभी आहे. सगळ्यांच्या डोक्यांवरून ती थेट हॉलच्या टोकाला, त्यांच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. टाळ्यांमध्ये कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी घाईघाईने बटण वर ढकललं, तोवर ती वळली होती. स्पीकरमधून पुढच्या पोराच्या बुटांचा धाडधाड आवाज तेवढा आला.

चहाच्या वेळी मेव्हणी कप घेऊन मागे आली. तिने कप मिक्सरच्या टेबलावर आपटल्यासारखा ठेवला.

“मी दुसऱ्याच रांगेत होते, भावोजी. मला ऐकू आलं.”

“काय म्हणाली?”

“‘आणि मागे माईक सांभाळतायत ते माझे बाबा.’ असं म्हणाली.”

हॅलोकाकांनी कप उगाच टेबलाच्या कडेला सरकवला. मग म्हणाले, “बरं झालं, कुणी ऐकलं नाही.”

“हो ना. अगदी तुमच्या मनासारखं झालं,” मेव्हणी म्हणाली. “तिला वाटतंय, तुम्ही मुद्दाम बंद केलात.”

“सवयीने झालं गं. शपथ.”

“मला काय सांगता? तिला सांगा.”

आणि ते खरंच सांगायला उठले. पण सवयीनेच का, हे त्यांचं त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. हाताला भीती आधी कळली असेल का? दाराशी मुलं बॅगा घेऊन हॉस्टेलकडे निघायच्या गडबडीत होती. लेकच त्यांच्या दिशेने येताना दिसली. तिच्यासोबत एक हसरी, कुरळ्या केसांची मुलगी होती, बहुतेक तिच्याच खोलीतली. दोघींनी मिळून एक बॅग धरली होती.

लेक समोर येऊन उभी राहिली.

“ओळखतेस तू यांना?” कुरळ्या केसांच्या मुलीने सहज विचारलं.

लेकीने उत्तर दिलं नाही. ती वडिलांकडे बघत राहिली. उत्तर तिने त्यांच्यावर सोपवलं होतं, आणि ते त्यांना कळलंही. चार शब्दांचं तर काम होतं. पण त्यांना ग्रंथालयातला तो बाप आठवला, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

“मला इथे सगळेच ओळखतात, बाळा.”

पोरीने मान हलवली. तिने बॅगेचा बंद या हातातून त्या हातात घेतला.

“येते, काका,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत किती पोरांनी त्यांना या नावाने हाक मारली असेल. एकदाही लागली नव्हती.

हॉल रिकामा झाला. एरवी हॅलोकाका आधी माईक बंद करायचे आणि मग बाकीचं आवरायचे. आज त्यांनी जादा वायरी गुंडाळल्या, खुर्च्या सरळ केल्या, पंखे बंद केले. मंचावरचा स्टँड पुढच्या मुलांनी पुन्हा वर केला होता. तो त्यांनी जाऊन तिच्या उंचीवर आणला. मग मागे येऊन टेबलाशी बसले. बटण वरच होतं. स्पीकरमधून रिकाम्या हॉलची बारीक घरघर येत होती.

पहारेकरी किल्ल्या घेऊन दारात आला. “काका, कुलूप लावू का? का कुणाचं बोलायचं राहिलंय?”

“नाही,” हॅलोकाका म्हणाले. “सगळ्यांचं झालं.”

पण बटणाकडे काही त्यांचा हात गेला नाही.