कडकबाईंच्या चादरी

मित्रांनो, छत्री, फळा, नदी असे कितीतरी जण तुम्हाला आपापली कहाणी सांगून गेले असतील. माझी पाळी कधी आली नाही, कारण मला फारसे कोणी ओळखतच नाही. मी एक जुना इस्त्रीचा रोलर आहे. तुमच्या घरातली इस्त्री माझ्यापुढे खेळण्यासारखी. दोन खाटा टोकाला टोक लावून ठेवल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढा मी लांब. माझ्या पोटात वाफ खेळते आणि अंगावर जाड कापडाची गादी असते. ओली चादर एका बाजूने आत दिली की दुसऱ्या बाजूने ती कोरडी आणि सपाट होऊन बाहेर पडते. निदान पडायची. आता माझ्या अंगावर ताडपत्री आहे आणि भंगारवाला दोनदा येऊन मला बघून गेला आहे.

एका लॉन्ड्रीच्या मालकांनी मला हौसेने विकत घेतले. मला आत न्यायला दरवाजा पुरेना, तेव्हा त्यांनी चक्क भिंत पाडली. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या घरात अबोला होता म्हणे. मालकांच्या मुलाला या वाफेत आणि घामात काडीचा रस नव्हता. तो दूरच्या शहरात नोकरीला लागला आणि सुट्टीपुरता घरी येऊ लागला. मग मालकांनी सुनेला हाताशी धरले. पाणी किती गरम हवे, चादरीचे कोपरे कसे ताणून धरायचे, चादर चिकटू नये म्हणून माझ्या अंगावर मेणाचे कापड कधी फिरवायचे, सगळे तिला शिकवले. मालक गेले आणि ती सून मालकीण झाली. बायका तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे कडकबाई. हे तिला ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर आवडतही होते.

नाव पडले ते खळीमुळे. खळ म्हणजे पिठाचे पातळ पाणी. त्यात कापड बुडवून इस्त्री केली की त्याला ताठपणा येतो. आमच्याकडे सगळ्या चादरी हॉटेलांच्या यायच्या. कडकबाई घडी घातलेली चादर एका कोपऱ्यात धरून उभी करत. चादर वाकली की पुन्हा खळीत! त्यात त्यांनी कधी कोणाची गय केली नाही, स्वतःचीसुद्धा नाही. हॉटेलांचे मालक आमच्या चादरींवरून हात फिरवत आणि मान डोलवत. ते बघून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे, नसलेले.

माझ्यावर काम करायला दोघी लागत. एक चादर आत देणार, दुसरी पलीकडे झेलणार. आत द्यायला कडकबाईंची, सासर सोडून गल्लीतच वेगळी राहणारी नणंद उभी असे, झेलायला घडीवाली. या घडीवालीच्या तोंडाला कुलूप नव्हते. अख्ख्या गल्लीच्या बातम्या माझ्यावरूनच इकडून तिकडे जात. कडकबाई धरून एकंदर आठ जणी होत्या, आणि आठही घरांची चूल याच वाफेवर पेटत होती.

मग तो आजार आला. रस्ते ओस पडले. हॉटेलांना कुलपे लागली. चादरी आधी कमी झाल्या, मग थांबल्याच. बायका सवयीने रोज येत आणि भिंतीला टेकून बसत. घडीवालीसुद्धा गप्प झाली, यावरून काय ते ओळखा.

एक दिवस मामेसासरे येऊन कडकबाईंना म्हणाले, "निम्म्या बायकांना घरी पाठव. उरलेल्यांचं तरी पोट चालेल."

"कुठल्या निम्म्या, मामा?" कडकबाईंनी विचारले. "त्या समोर बसल्यात. नावं तुम्ही घ्या."

मामा खाकरले, चहा अर्धा टाकून उठले आणि गेले. कडकबाई बायकांकडे वळल्या. "ऐकलंत ना? मी एकीलाही घरी जा म्हणणार नाही. काम अर्धं झालं तर सगळ्यांचं अर्धं. जोवर माझे हात हलतायत तोवर सगळ्या इथेच."

बोलणे सोपे होते. काम आणायचे कुठून? दुसऱ्याच दिवशी त्या इस्पितळात गेल्या आणि तिथल्या चादरींचे काम घेऊन आल्या. बायकांचे चेहरे उतरले. त्या चादरींवर आजारी माणसे झोपलेली होती. घरी लेकरे होती, म्हातारी सासू होती. कोणी पुढे होईना, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? कडकबाईंनी तोंडाला फडके बांधले, पहिले गाठोडे स्वतः उचलले आणि उकळत्या पाण्यात सोडले. धुतलेली चादर घेऊन त्या एकट्याच माझ्यापाशी आल्या, तेव्हा नणंद उठली.

"वहिनी, एकटीला चादर धरता येते का कधी? व्हा बाजूला."

तिच्यामागून घडीवाली आली, मग एकेक करत सगळ्या आल्या. माझ्या पोटात पुन्हा वाफ भरली. त्या सकाळी मला वाटले, आपण तरलो.

आता ऐका, चूक कुठे झाली ते. धुणाऱ्या बाईने विचारले, "बाई, खळ घालायची का? दवाखान्याने काही सांगितलं नाही."

"न सांगता घाल," कडकबाई म्हणाल्या. "हॉटेलात उतरतो तो राजा, आणि खाटेवर पडलेला कोण? त्यालाही कडक चादर मिळाली पाहिजे. बघितल्यावर त्याला वाटलं पाहिजे, आपली कोणीतरी काळजी घेतंय."

घडीवालीचे डोळे भरून आले. सगळ्यांनी जीव ओतून काम केले. खळ नेहमीपेक्षा जाडच झाली असेल, कारण प्रेमाने घातलेली होती. माझ्यातून निघालेली एकेक चादर फळीसारखी उभी राहत होती. आठ जणींपैकी एकीच्याही मनात आले नाही की हॉटेलातला पाहुणा कुशीवर वळतो, उठून बसतो आणि सकाळी निघून जातो. आजारी माणूस त्याच चादरीवर दिवसचे दिवस पाठ टेकून पडलेला असतो.

काही दिवसांनी इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. डोळे खोल गेलेले, उभे राहवत नव्हते. त्यांनी एका चादरीवर मनगट घासले आणि ते कडकबाईंसमोर धरले. मनगट लाल झाले होते.

"बाई, तुमच्या चादरी फार सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "पण आमच्या माणसांच्या पाठी सोलून निघतायत. मला आधीच यायला हवं होतं, पण वेळच मिळाला नाही हो."

कडकबाईंनी ते मनगट हातात घेतले. जिच्यासमोर चादरीची वाकायची छाती नव्हती, ती बाई लहान मुलीसारखी रडली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "सगळ्या परत पाठवा. एकेक धुऊन मऊ करून देते. एक संधी द्या."

सिस्टरांनी मान हलवली. "मी देईन. पण वरच्यांनी ठरवलंय. आता एकदा वापरून फेकून द्यायच्या चादरी येणार आहेत."

तरी आठही जणींनी त्या चादरी पुन्हा धुतल्या. खळ पूर्ण जाईपर्यंत धुतल्या, हाताने चोळचोळून मऊ केल्या आणि पोचवल्या. सिस्टरांनी त्या ठेवून घेतल्या. काम मात्र परत आले नाही.

नंतर कडकबाईंनी काय नाही केले? दारोदार जाऊन पडदे मागितले, गोधड्या मागितल्या. पण ज्या घरांना कळले की इथे इस्पितळाच्या चादरी धुतल्या जायच्या, त्यांनी दारे लावून घेतली. धुण्याची यंत्रे एकामागून एक विकली गेली आणि त्यावर आठ घरांत काही काळ शिजले. कडकबाईंनी शब्द पाळला. एकीलाही जा म्हटले नाही.

बायकाच आपणहून गेल्या. बाईंना ते शब्द उच्चारावे लागू नयेत म्हणून गेल्या. धुणारी म्हणाली, बहिणीने बोलावले आहे. तिला बहीण नव्हती. दुसरी म्हणाली, मुलगा आता काम करू देत नाही. मुलगा अजून पाटी घेऊन शाळेत जात होता. नणंदेने सासरी परत जावे लागतेय म्हणून सांगितले, तेव्हा वहिनीने तिचा हात कितीतरी वेळ सोडला नाही. शेवटी घडीवाली राहिली.

"बाई, मला एका मोठ्या दुकानात काम लागलं. उद्यापासून जमणार नाही."

"बरं झालं," कडकबाई म्हणाल्या. "काम चांगलं आहे ना?"

"खूप चांगलं आहे, बाई."

अख्ख्या गावात तेव्हा एकही मोठे दुकान उघडे नव्हते. दोघींना ते माहीत होते.

आजार ओसरला, हॉटेले उघडली. त्यांच्या चादरी आता मोठ्या कंपनीकडे जातात. त्या सात जणींतली एकही इकडे फिरकली नाही. खोटे सांगून गेलो, आता कोणत्या तोंडाने यावे, असे त्यांना वाटत असेल. कडकबाई मात्र रोज सकाळी दार अर्धे उघडून पायरीवर बसतात. त्या कोणाची वाट बघत नाहीत, बसायला दुसरी जागा नाही म्हणून बसतात.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सांगणारे पुष्कळ आहेत. मला भंगारात घाला, माझी तक्रार नाही. कोणाची काळजी घ्यायला निघालात तर त्याला कुठे दुखते ते आधी विचारा, एवढे मी आमच्या चुकीतून शिकलो. आणि सगळ्यांना सांभाळायला निघालेली एखादी बाई अशी पायरीवर एकटी बसलेली दिसली, तर तिच्याजवळ थांबा. मदत करायला जाऊ नका, ती घेणार नाही. नुसते विचारा, "बाई, जेवलात का?"

ती हो म्हणेल. ते खोटे असेल. तरी विचारा.