मधल्या भिंतीचा मालक

नव्या पुलाच्या रस्त्यासाठी मोजणीवाले आले आणि टेलरमास्तरांच्या दारावर लाल फुली मारून गेले. फुलीवालं घर पडणार आणि घरच्यांना शहराच्या टोकाला नव्या इमारतीत जागा मिळणार. शेजारच्या घड्याळजींचं घर मात्र सहीसलामत सुटलं.

"सुटलो एकदाचा," घड्याळजी बायकोला म्हणाले. "ती मशीनची खडखड गेली."

"आणि भांडणार कोणाशी? माझ्याशी?"

प्रश्न बिनतोड होता. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच, आणि ती कोणाची यावरून दोघं आपापल्या लग्नाआधीपासून हमरीतुमरीवर येत. मास्तरांनी खिळा ठोकला की घड्याळजी खवळत, घड्याळजींनी रंग काढला की मास्तर. ऐन भांडणात चहा यायचा, तो पिऊन पुन्हा सुरुवात. आता मास्तरांशिवाय दिवस कसा ढकलायचा, या काळजीने घड्याळजींना घास गिळवेना.

कचेरीतल्या सुनावणीला घर वाचवणाऱ्यांची ही गर्दी. घड्याळजी पुढे होऊन म्हणाले, "साहेब, माझंही घर घ्या."

भूसंपादन अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. असला अर्जदार त्यांनी पाहिला नव्हता. मग नकाशात डोकं घालून ते म्हणाले, "मधली भिंत कोणाची? मास्तरांची असेल तर पाडावी लागेल. मग तुमचं छप्पर टिकणार नाही, म्हणून तुमचंही घर घेऊ. भिंत तुमची असेल तर तुम्ही आहात तिथेच."

मागच्या बाकावर मास्तर कान टवकारून बसले होते. जे वाक्य मेलो तरी बोलणार नाही म्हणून घड्याळजी आयुष्यभर हट्टाला पेटले होते, नेमकं तेच आता बोलायचं होतं.

"मास्तरांची," ते कसेबसे म्हणाले. "पहिल्यापासून त्यांचीच."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. घड्याळजींच्या प्रत्येक शब्दाला उलट उत्तर देणारे मास्तर मुकाट्याने मान डोलावून मोकळे झाले.

जिन्यात त्यांनी घड्याळजींना गाठलं. "खोटं बोललास. भिंत तुझीच आहे, मला पक्कं माहीत होतं."

"मग इतकी वर्षं माझं डोकं का खाल्लंस?"

"नाहीतर तू माझ्याशी बोलला असतास?"

घड्याळजींना भरून आलं. नव्या इमारतीत शेजारशेजारची घरं मागायची, हे तिथेच ठरलं. तिथल्या मधल्या भिंतीवर पहिला खिळा कोणाचा, यावरून मात्र कचेरीच्या फाटकापर्यंत पोचायच्या आतच जुंपली, आणि घड्याळजी घरी येऊन पोटभर जेवले.